आमची वाटचाल : आधी फोनशेजारी बसतो, मग वेबसाइट बनवतो

2013 साली कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत मी आणि माझ्या मावसभावाने वेबसाइट बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. मी कोडिंग करायचो, तो फोटो आणि डिझाइन बघायचा. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या उद्योजकांची मागणी ठरलेली असे : होम, आमच्याविषयी, प्रॉडक्ट्स, संपर्क अशी चार पाने, वर सरकती चित्रे आणि व्हिजिटिंग कार्डावर छापायला एक पत्ता. काम व्हायचे, पैसेही वेळेवर मिळायचे. पण वर्षभराने ‘साइटवरून काही चौकशी येते का?’ असे विचारले की समोरचा माणूस गप्प बसायचा. ही गोष्ट आम्हा दोघांनाही फार लागायची. मेहनतीचे पैसे देऊन माणसाने जी वस्तू घेतली, ती त्याच्या धंद्याला उपयोगी पडलीच पाहिजे, हा आमचा हट्ट तेव्हापासूनचा.

कामाची पद्धत बदलली ती शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीमुळे, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यामुळे. मालकांच्या वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनांचे सुटे भाग ओतण्यापासून सुरुवात केलेली. साइटच्या पहिल्या पानावर वडिलांचा फोटो आणि कारखान्याचा इतिहास यावा, अशी त्यांची इच्छा होती. ती मनापासूनची होती आणि आम्हाला तिचा आदरच वाटला. पण डिझाइनला हात घालण्याआधी आम्ही त्यांच्या मार्केटिंग बघणाऱ्या साहेबांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायची परवानगी मागितली. पुण्याहून, चेन्नईहून फोन येत होते आणि पलीकडचा माणूस काय विचारतो ते आम्ही वहीत उतरवत होतो.

इतिहास कुणीच विचारत नव्हते. एसजी आयर्न (जास्त चिवट ओतीव लोखंड) करता की फक्त ग्रे (साधे ओतीव लोखंड)? कुठल्या ग्रेडपर्यंत? कास्टिंगचे, म्हणजे ओतलेल्या भागाचे, वजन किती ते किती? मशिनिंग करून देता का? सँपल कधी मिळेल? स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक तपासणारे यंत्र) स्वतःचा आहे की टेस्टिंग बाहेरून करता? खरेदी विभागातला माणूस एका बैठकीत दहा पुरवठादारांच्या साइट उघडतो. त्याला ही उत्तरे पहिल्या पडद्यावर दिसली नाहीत, तर तो पुढच्या साइटवर जातो. तो वाईट वागतो असे नाही, त्याच्यापाशी तेवढाच वेळ असतो.

म्हणून पहिल्या पानावरून सरकती चित्रे गेली आणि एक साधे वाक्य आले : काय ओततो, कुठल्या ग्रेडमध्ये, किती किलोपर्यंत, मशिनिंगसह की शिवाय. त्याखाली फोटो आले भट्टीचे, टेस्टिंग लॅबचे आणि तयार कास्टिंगचे. ऑफिसच्या इमारतीचा फोटो काढून टाकला. चौकशीचा फॉर्म लांबलचक होता, तो नाव, ईमेल आणि ड्रॉइंग (हव्या असलेल्या भागाचा मापांसह आराखडा) जोडायची सोय एवढाच ठेवला.

त्या ड्रॉइंगच्या बटणापाशी मात्र आम्ही बराच काळ अडलो होतो, कारण तिथे एक खरी भीती असते. कंपनीचे ड्रॉइंग हे गुपित असते आणि अनोळखी साइटवर ते कोण टाकणार? मार्केटिंगच्या साहेबांनीच सांगितले, ‘अहो, लोक फोनवर आधी एनडीएचे, म्हणजे गुप्ततेच्या कराराचे विचारतात.’ मग बटणाच्या अगदी शेजारी लिहिले की ड्रॉइंग फक्त कोटेशनसाठी वापरले जाईल आणि आधी एनडीए हवा असेल तर तसे कळवा. हे वाक्य अटी-शर्तींच्या पानात पुरले असते तर त्याचा काही उपयोग नव्हता. शंका जिथे मनात येते, तिथेच उत्तर हवे. त्यानंतर साइटवरून ड्रॉइंगसह चौकशी येऊ लागली.

वडिलांचा इतिहास आम्ही ‘आमच्याविषयी’ या पानावर सविस्तर लिहिला. ते पान वाचणारे थोडे, पण महत्त्वाचे असतात, असे पुढे आमच्या लक्षात आले. ज्याचे जवळपास ठरले आहे आणि जो आता कारखाना बघायला येणार आहे, तोच ते वाचतो. अशा माणसासाठी दोन पिढ्यांचा अनुभव ही मोठी खात्री असते.

2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि बघता बघता सगळे पाहुणे मोबाइलवरून यायला लागले. गूगलने 2018 च्या मार्चपासून साइटची मोबाइलवरची आवृत्ती आधी वाचायला सुरुवात केली. त्याच वर्षी जुलैमध्ये क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असे दाखवू लागला, तेव्हा जुन्या ग्राहकांचे घाबरून फोन आले. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळते, ते सगळ्यांना बसवून दिले.

वेगाच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. कॅमेऱ्यातून आलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवला तर पान उघडेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. ऑफिसच्या वायफायवर तो कुणीही पाळेल. आमच्याकडे त्यासाठी एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन ठेवलेला आहे आणि गगनबावड्याच्या बाजूला जाणाराने तो बरोबर न्यायचा, अशी पद्धत आहे. तिथल्या अपुऱ्या नेटवर्कवर पान उघडले की काम झाले.

मराठी मजकुराचे दुखणे वेगळे. पुष्कळ व्यावसायिकांची माहितीपत्रके जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. ती तशीच उचलली तर साइटवर अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि त्याचे चित्र करून लावले तर गूगलला त्यातले नीट शोधता येत नाही. सगळे युनिकोडमध्ये पुन्हा आणावे लागते. शिवाय इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही, रफार आणि उकार एकमेकांत अडकतात. आम्ही बहुतेक वेळा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला मुक्ता हा फाँट वापरतो आणि ओळी मोकळ्या ठेवतो. आपल्या भाषेत वाचणाऱ्यालाही तितकेच स्वच्छ पान मिळाले पाहिजे.

सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागीर कुटुंबाचे काम आमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूचे नाव जपणारी सरकारी नोंद, मिळाले. ते साइटवर ठळक यावे, असे त्यांना वाटत होते. मानांकनाचे चिन्ह नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच लावता येते, म्हणून आधी नोंदणीची कागदपत्रे पाहिली, मग चिन्ह लावले. पण तिथेही आम्ही पहिल्यांदा बसलो ते काकूंच्या शेजारी, कारण व्हॉट्सअॅपवर उत्तरे त्याच देतात.

गिऱ्हाइकांचे प्रश्न साधे होते. माझे माप कोणते? चप्पल चावते का? पावसात चालेल का? नाही बसली तर परत घेणार का? मापासाठी काकू प्रत्येकाला तेच समजावायच्या : कागदावर पाय टेका, पेन्सिल उभी धरून कड काढा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजा, आणि शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. त्यांचे हेच शब्द फोटोंसह प्रत्येक जोडाच्या पानावर आले. चपलेचे फोटो वरून, बाजूने, तळाकडून आणि वेणीच्या जवळून काढले, शिवाय एक पायात घालून. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे सुरुवातीला कडक लागते, चार दिवस थोडा थोडा वेळ घाला, तेलाचा हात फिरवा, पावसात वापरू नका, हेही स्पष्ट लिहिले. काकांना वाटले, असे लिहिले तर घेणार कोण? काकूंनी ठामपणे सांगितले, ‘लिहाच. जोड परत आल्यावर बोलण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.’ परत येणारे जोड कमी झाले, आणि मापाबद्दलचे मेसेजही.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर चर्चा झाली. त्या दिवसांत या साइटवर अचानक गर्दी वाढली. बरेच जण नुसते बघून गेले. जे घेऊन गेले त्यांच्यासाठी किंमत समोर होती, परदेशी पाठवण्याचा खर्च वेगळा दाखवला होता आणि तिकडची कस्टम ड्युटी घेणाऱ्याने भरायची, हेही लिहिलेले होते. ‘किंमतीसाठी संपर्क करा’ या पाटीवर माझा अजिबात विश्वास नाही. ठरलेल्या किंमतीची वस्तू असेल तर किंमत दाखवावी.

व्हॉट्सअॅपचे बटण आम्ही अंगठा पोचेल अशा जागी, खाली ठेवतो. ते दाबले की मेसेज आधीच लिहिलेला येतो : ‘नमस्कार, कापशी जोड, माप 8, याबद्दल विचारायचे आहे.’ काकूंना लगेच कळते की माणूस काय बघत होता. उत्तर देण्याची वेळही साइटवर लिहिलेली असते. मालक महिन्याच्या शेवटी विचारतात, किती लोक आले? आम्ही त्यांना त्याशेजारी आणखी एक आकडा देतो : किती जणांनी विचारले.

सध्या एका गुऱ्हाळाचे काम चालू आहे. कोल्हापुरी गुळाला 2014 पासून मानांकन आहे, पण फोनवर लोक विचारतात ते असे : रस साफ करायला काय घालता? भेंडीचा चिकट रस वापरता का? एक किलोची ढेप मिळेल का? आणि रंग एवढा गडद का? पिवळाधमक गूळ बघायची सवय झालेल्यांना हा गूळ फोटोत जुना वाटतो. मावसभावाने पांढऱ्या ताटात, दिवसाच्या उजेडात फोटो काढलेत, रंगात काहीही फेरफार न करता. रंगाचे कारण फोटोच्या वर सांगायचे की किंमतीच्या खाली, यावर आमचे अजून ठरायचे आहे.