काठावरचे आकडेही कोरे

धुण्याच्या टाकीतून निघालेला फिल्मचा रोल काचेसारखा स्वच्छ होता. एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, ३५ मिलिमीटर, ३६ फोटोंचा. ‘शटर उघडलंच नसेल,’ असं कुणीतरी म्हणालं. पण काठाकडे पाहिलं तर तिथले आकडे आणि कंपनीचं नावही गायब. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेलं असतं, कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे गडबड धुण्यातली. एक तर डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या) आधी फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) ओतला गेला, नाहीतर डेव्हलपरच मेलेला.

त्याच माणसाचे उरलेले चार रोल बाजूला ठेवले आणि फिल्मच्या लीडरचा, म्हणजे रोलच्या सुरुवातीच्या उजेड लागलेल्या टोकाचा तुकडा दिव्याच्या उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवला. आमचा डेव्हलपर डी-७६, चांगला असेल तर त्यात असा तुकडा काही मिनिटांत काळाठिक्कर पडतो. हा दहा मिनिटांनीही जसाच्या तसा.

डी-७६ आदल्या संध्याकाळी आमच्याकडेच कालवलेला. ५२ अंशांच्या ७५० मिली पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम, मग पाण्याने एक लिटर. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, अजिबात नसेल तर मेटॉल हवेने तपकिरी होतं. क्रम चुकला नव्हता, वजनंही बरोबर होती. कालवणारा मुलगा मात्र सहज बोलून गेला, “पावडर टाकताना ठसका लागला होता, डोळेही चुरचुरले.”

सल्फाइटने ठसका लागत नाही. पीएचची पट्टी बुडवली: ४ आणि ५ च्या मधे. डी-७६ चा पीएच साडेआठच्या आसपास हवा. दुकानदाराने सुटं बांधून दिलेल्या पुडीवर ‘सोडियम सल्फाइट’ लिहिलं होतं, आत होतं सोडियम मेटाबायसल्फाइट. दोन्ही पांढरी, डोळ्यांनी ओळखणं कठीण. पण मेटाबायसल्फाइट आम्लधर्मी, गरम पाण्यात पडताच गंधकाचा उग्र वायू सोडणारं. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन काम करतात ते अल्कधर्मी पाण्यात, आणि १०० ग्रॅम आम्लापुढे २ ग्रॅम टाकणखाराचं काय चालणार!

फेकण्याआधी ३०० मिली वेगळं काढून त्यात धुण्याचा सोडा चमचा-चमचा घातला. फसफसून भांड्याच्या काठापर्यंत आलं. पीएच १० पर्यंत चढल्यावर लीडर झटकन काळा झाला. मग अंधारात कोऱ्या फिल्मचा तुकडा धुतला, तर तोही करडा: फॉग, म्हणजे उजेड न लागताच आलेला काळपटपणा. पोटॅशियम ब्रोमाइडचं दहा टक्क्यांचं द्रावण ३ मिली घातलं, फॉग उतरला. पण चाचणीच्या फोटोतला सावलीतला पुसट तपशीलही सोबत गेला. ब्रोमाइड फॉगला जास्त दाबतं, पण पुसट तपशीलालाही सोडत नाही. सोड्याऐवजी कॉस्टिक सोड्याने मेटाबायसल्फाइटचं सल्फाइट करता येतं, १०० ग्रॅमला साधारण ४२ ग्रॅम, पण दमट हवेत कॉस्टिक पाणी पितं आणि काट्यावरचा आकडा खोटा ठरतो. सगळं ओतून दिलं.

नवं सल्फाइट आणल्यावर आधी चिमूटभर पाण्यात विरघळवून पट्टी लावली: ९ च्या वर. त्यातून नव्याने कालवलेल्या डेव्हलपरमध्ये लीडर काळा झाला तेव्हाच चार रोल धुवायला घेतले. २० अंश, साडेसात मिनिटं. काठावरचे आकडे स्पष्ट आले.

पहिला रोल गेला तो गेलाच. फिक्सर ओतण्याआधी लीडर तपासला असता तर अंधारातच रोल पाण्याने धुऊन पुन्हा डेव्हलप करता आला असता. फिक्सरने त्यातले सगळे न बदललेले चांदीचे क्षार विरघळवून नेले होते.