प्रार्थनेची चाचणी

प्रार्थनेने रुग्ण बरा होतो का, हे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवर तपासले आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. ज्यांच्यासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, पण ज्यांना तसे निश्चित ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी ती केली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते. प्रार्थना होणारच आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात मात्र ते ५९ टक्क्यांवर गेले. (आपली प्रकृती इतकी बिघडली आहे की काय, ही धास्ती त्यामागे असावी, असा एक तर्क आहे.)

एवढ्यावरून ईश्वर नाही असे ठरत नाही. दुसऱ्या गटातील रुग्णांच्या घरच्यांनीही देवाला साकडे घातलेच असणार. शिवाय स्वतःची इच्छा असलेला ईश्वर चाचणीला बांधील का असावा? मात्र हाच बचाव आस्तिकाला महागात पडतो, कारण प्रतिकूल निकाल ज्याला लागू नाही, त्याला अनुकूल निकालही पुरावा म्हणून दाखवता येत नाही, आणि नवस फेडणारे तर तो सर्रास दाखवतात.

मला अधिक अवघड वाटतो तो तत्त्वज्ञ जे. एल. शेलेनबर्ग यांनी १९९३ साली मांडलेला युक्तिवाद: ईश्वर पूर्णपणे प्रेमळ असता, तर त्याच्याशी नाते जोडायला मनापासून तयार असलेल्या माणसाला त्याच्या अस्तित्वाविषयीच शंका उरली नसती. श्रद्धेची कसोटी पाहण्यासाठी तो लपतो, हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण कसोटी श्रद्धा असलेल्याची घेता येते आणि हा माणूस तर अजून तिच्या शोधातच आहे.