आमची वाटचाल : ३६ बाय ४८

ओळंबा, पातळी बघायची पाणनळी, दोन लांब टेप आणि माती ठोकायची धुमस. लाकडी खांबांच्या शेड बांधायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे एवढीच हत्यारं होती, आणि आजही पहिल्या दिवशी साइटवर हीच उतरतात.

गाडलेल्या खांबांच्या शेडला आम्ही आधी ३६ बाय ४८ फूट सुचवतो. ८ फुटांवर खांब धरले की लांबीत ६ गाळे, एका बाजूला ७ खांब. ३ फूट झाकणारा पत्रा लांबीला १६ आणि रुंदीला १२ बसतो, कापाकापी नाही. कर्ण पुरा ६० फूट, म्हणजे काटकोन टेपवरच कळतो. दोरी मात्र भिंतीचे पत्रे ज्यांवर ठोकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या बाहेरच्या कडेवर धरावी; खांब पट्टीच्या जाडीइतका, दीड इंच, आत. इथे चुकलं की शेवटचा पत्रा पुरत नाही.

उंची दारावरून ठरते. १२ फुटी दार ८ च्या गाळ्यात मावत नाही, ते छपराच्या टोकाखालच्या त्रिकोणी भिंतीत घ्या. वळचण १४ फूट, जमिनीत ४. खांब २० फुटी आणून माथे शेवटी एका पातळीत कापावेत. कापलेलं टोक कधीही खाली नको, लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेलं औषध गाभ्यापर्यंत गेलेलं नसतं.

आमचा धंदा जवळजवळ बुडाला तो याच मापाच्या शेडवर. छपराच्या त्रिकोणी कैच्या चढल्या होत्या, त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या आढेपट्ट्या दुसऱ्या दिवशी मारायच्या होत्या. पहिल्या कैचीला जमिनीपर्यंत तिरके टेकू दिले नव्हते, खड्ड्यांतली माती एकदम भरून फक्त वरून ठोकली होती. रात्री वारा सुटला, कैच्या एकीवर एक रेलत गेल्या, तीन खांब कलले. सगळं पदरमोड करून पुन्हा उभं केलं. स्वतः अडीच फुटांत खांब पुरून कैच्या पेलणारी तुळई नुसत्या खिळ्यांवर टांगणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याने ही गोष्ट आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. ते आजही बोचतं. शेडमालक मात्र एवढंच म्हणाले, “पुन्हा करा, या वेळी मी बसून बघतो.” पुढे त्यांच्याच आणखी तीन शेड आम्ही बांधल्या.

तेव्हापासून माती ६-६ इंचांच्या थरांनी धुमसतो. तुळई खांबाला खाच पाडून बसवतो. वजन खाचेवर, बोल्ट फक्त धरायला. खांबाच्या पायाशी दोन ठोकळे बोल्टने कसतो, कारण वारा हलकी शेड वर उपसतो. लाकूड सुकून आकसतं, म्हणून सहा महिन्यांनी जाऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळतो.