किल्ल्यामागचा सह्याद्री

लष्कर भागातील आमच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला दिसतो आणि त्याच्यामागे केवळ आकाश. आमचे पूर्वज ज्या डोंगरांतून शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, ते डोंगर या किल्ल्यामागे उभे केले तर कसे दिसतील, हा विचार अनेक वर्षे मनात होता. या जानेवारीत गच्चीवरून किल्ल्याचे एक चांगले छायाचित्र मिळाले आणि संगणकावर त्यात ते डोंगर बसवण्याचे काम मी हाती घेतले.

डोंगराचा पाया कल्पनेचा नाही. 2000 च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचे जे मोजमाप केले, त्यातील उंचीची माहिती आज विनामूल्य मिळते. तिच्यातून हरिश्चंद्रगडाचा परिसर घेऊन मी तो ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्या संगणकीय साधनात उभा केला. मात्र या माहितीत साधारण दर 30 मीटरवर उंचीचा एकच आकडा असतो, त्यामुळे कोकणकड्यासारखा तुटलेला कडाही वितळलेल्या मेणासारखा गुळगुळीत दिसतो. म्हणून केन पर्लिन यांनी 1985 मध्ये मांडलेल्या नॉइजच्या, म्हणजे गणिताने नैसर्गिक वाटणारी अनियमितता घडवण्याच्या, पद्धतीने त्यावर बारीक खडबडीतपणा चढवला आणि बेसॉल्टचे आडवे थर दिसावेत यासाठी उंचीनुसार पायऱ्या पाडल्या. हे थर नसतील तर डोंगर सह्याद्रीचा वाटत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रकाशाचे काम लवकर झाले. छायाचित्रात सकाळी 8.10 ची वेळ नोंदलेली होती. तारीख आणि ग्वाल्हेरचे अक्षांश-रेखांश दिल्यावर सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 12 अंशांवर आला आणि कड्यांच्या सावल्या बुरुजांच्या सावल्यांशी जुळल्या.

तरीही डोंगर चिकटवल्यासारखाच दिसे. मास्कच्या, म्हणजे चित्राचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकावा हे ठरवणाऱ्या आवरणाच्या, कडा पुन्हा पुन्हा कोरण्यात दोन रात्री गेल्या. शेवटी आईला दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, जवळचा किल्ला धुक्यात आणि लांबचा डोंगर इतका लख्ख कसा?”

दोष नेमका तिथेच होता. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश लांबच्या सावल्यांमध्ये मिसळतो आणि त्या फिकट होतात. अंतर वाढेल तसा हा फिकेपणा वाढतो. माझ्या छायाचित्रात तटबंदीची सर्वांत गडद छटा 0 (काळा) ते 255 (पांढरा) या मोजपट्टीवर 70 च्या आसपास होती, तर तिच्यामागच्या कड्यांतील सावल्या जेमतेम 10 वर होत्या. मग ब्लेंडरकडून प्रत्येक बिंदूचे अंतर दाखवणारे करडे चित्र काढून घेतले, त्याचाच मास्क केला आणि छायाचित्रातील क्षितिजालगतच्या आकाशाचा रंग त्यातून डोंगरावर पसरवला. सर्वांत मागची रांग आकाशात जवळजवळ विरून गेली, आणि त्या क्षणी किल्ला व डोंगर एकाच हवेत आले.

त्यानंतर छायाचित्रातील रवाळपणा डोंगरावरही तितकाच चढवला, कारण रेंडर केलेला, म्हणजे संगणकाने तयार केलेला, भाग नेहमी फार स्वच्छ असतो. तटाजवळच्या झाडांच्या फांद्यांमधून डोकावणारे जुने पांढरे आकाश पुसायचे अजून राहिले आहे. ते काम एकेक फांदी घेऊन चालू आहे.