साण्यातली वाट

वैशाखातल्या दुपारी लातूरमध्ये करण्यासारखे एकच काम असते, ते म्हणजे कूलरसमोर आडवे होणे. आणि मी ते मनापासून करत असताना खिडकीकडून कटकट असा बारीक आवाज येऊ लागला. कूलरच्या पंपाचा तो नव्हता. आमची ठमी खिडकीच्या कट्ट्यावर बसून, मच्छरजाळीला नाक टेकवून, बाहेरच्या जास्वंदीवर आलेल्या शिंजीराकडे बघत दात वाजवत होती. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. खालचा जबडा थरथरतो, मिशा पुढे येतात, शेपटीचे टोक तेवढे हलते आणि घशातून काहीतरी तुटक तुटक बाहेर पडते, ज्याला म्याव म्हणता येत नाही. शिंजीर जेमतेम चार बोटांएवढा. समोरून काळा दिसतो आणि वळला की जांभळा-निळा चमकतो. जाळी म्हणजे काय हे त्याला पुरते ठाऊक असावे, कारण ठमीपासून हातभर अंतरावर तो फुलाच्या देठाशी चोच खुपसून निवांतपणे मध पीत होता.

ठमी गेले दहा महिने घराबाहेर पडलेली नाही. मी याला शिक्षा म्हणतो, माझी मुलगी संरक्षण म्हणते, आणि कोणाचे संरक्षण असे विचारले तर ती म्हणते, दोघांचेही. गेल्या आषाढात फाटकावरच्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलांच्या जोडीने घरटे केले होते. एके सकाळी त्यांतला एक बुलबुल आमच्या पायपुसण्यावर होता. ठमीने तो तेथे ठेवला होता असेच म्हटले पाहिजे, टाकला नव्हता. नेमका मधोमध, डोके घराकडे करून ठेवला होता. गळ्याजवळची पिसे ओली झाली होती, पण शेपटीखालचा तांबडा ठिपका नुकताच रंगवल्यासारखा कोरा करकरीत दिसत होता. जोडीतला दुसरा पक्षी दोन दिवस तारेवर बसून ओरडत राहिला. मुलगी त्या रात्री जेवली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून मागचे दार बंद झाले.

त्यानंतर पुराव्यांचा जो मारा माझ्यावर झाला, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अमेरिकेतल्या मांजरी दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा अंदाज २०१३ साली तिथल्या संशोधकांनी काढला आहे. त्यांतला मोठा वाटा बेवारस मांजरींचा आहे, पाळलेल्यांचा कमी, हे मी त्याच लेखातून शोधून काढले आणि मोठ्या आशेने मुलीपुढे ठेवले. ती म्हणाली, "बाबा, आपल्या बुलबुलाला त्याचा काय उपयोग?" पशुवैद्यांनीही तिचीच बाजू घेतली. रिंगरोडवरच्या गाड्या, गल्लीतली कुत्री, बेवारस मांजरींकडून लागणारे रोग असे सगळे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. शिवाय उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी आम्ही फाटकाजवळ पाण्याचे परळ ठेवतो. २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यातही बायकोने ते परळ कोरडे पडू दिले नव्हते. आपण पुण्यासाठी ठेवलेले परळ ठमीच्या हिशेबी वाढून ठेवलेले ताट असते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

तरीही बंद दारापाशी मी दर वेळी अडखळतो, आणि त्याचे कारण बहुधा आमच्या भाषेत आहे. आमच्या लहानपणी मांजर कोणी पाळत नसे. कुत्रे पाळत, शेळी पाळत, कोंबड्या पाळत. मांजर फक्त असे. "तुमच्यात मांजर हाय का?" असे विचारले जाई. घरात उंदीर होते, मांजर होते, माणसे होती आणि या तिघांनी एकमेकांना फारशी परवानगी विचारलेली नव्हती. सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे. त्या माणसाने मांजर पाळले होते की त्याच्यात ते नुसते होते, हे हाडांवरून कसे कळणार?

औसा तालुक्यातल्या आमच्या गावचे घर माळवदाचे होते. ज्यांनी माळवद पाहिले आहे त्यांना त्याचा दुपारचा गारवा आठवत असेल. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, तुळयांवर लादणी आणि लादणीवर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी त्यावर आणखी चार टोपली माती पडे. या छताला उजेडासाठी एक भोक ठेवलेले असे, ते साणे. आमच्या स्वयंपाकघरातल्या साण्यातून सकाळी उन्हाचा एक कवडसा चुलीच्या धुरात तिरपा उतरे, आणि त्याच साण्यातून मनी उतरे. आधी पुढचे दोन पाय, मग थांबून खालचा अंदाज, मग तुळईवर, तुळईवरून बळदाच्या भिंतीवर आणि तिथून उतरंडीला न शिवता जमिनीवर. आमच्याकडच्या प्रत्येक मांजरीचे नाव मनी होते. एक गेली की दुसरी येई आणि तिला नाव तयार असे.

मनीची खरी नेमणूक बळदावर होती. वर्षाची ज्वारी बळदात असायची आणि रात्री आत खुडबुड झाली की आजी झोपेतच "मने" एवढेच म्हणायची. मनीला दूध पोटभर कधी मिळाले नाही. वाटीच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढे दूध आणि त्यात भाकरीचा कुस्करा. मी आपल्या वाट्याचे दूध चोरून घालू लागलो की आजी म्हणे, "पोट भरलं की मांजर उंदराला पाव्हणा समजतंय बापा." मनी जेव्हा दिवसदिवस दिसत नसे तेव्हा मी रडकुंडीला येई, आणि आजीचे उत्तर ठरलेले असे: "मांजराला कुठं कोंडतेत का? त्याचं ते जातंय, त्याचं ते येतंय."

ते कुठे जाते हे मला ठाऊक होते, कारण त्या रस्त्याने मीही जात असे. गल्लीतली माळवदे एकमेकांना लागून होती आणि वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येई. वर वाळत घातलेल्या कुरडया आणि मिरच्या ओलांडत, प्रत्येक साण्यातून कोणाच्या घरी काय शिजते आहे याचा वास घेत जायचे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. मी एकदा मोजायला बसलो होतो. मनीने पिल्ले मानेला धरून पाच घरी नेलेली मी पाहिली, सहाव्याला तिने मला पाहिले. पुढे कधीतरी वाचले की सहा देशांतल्या नऊशेहून अधिक पाळीव मांजरींच्या गळ्यात माग काढणारी यंत्रे बांधली, तेव्हा बहुतेक मांजरी घरापासून शंभरेक मीटरच्या आतच फिरतात असे आढळले. शंभर मीटर म्हणजे आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली साधारण सातच घरे. संशोधकांचा पुढचा मुद्दा असा आहे की एवढ्याशा टापूत एवढी शिकार झाल्यामुळेच तिथल्या पक्ष्यांवर आणि लहान प्राण्यांवर तिचा भार फार पडतो, आणि तो मुद्दा मुलीने अर्थातच लाल शाईने अधोरेखित केला आहे.

घंटेचाही विचार आम्ही केला. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची यावर उंदरांनी पिढ्यान्‌पिढ्या डोके खाजवले. आमच्याकडे ती मी बांधली. दोन ओरखडे पडले, बाकी काही नाही. मग कळले की इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घंटेने शिकारीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो भरपूर मांस असलेले खाणे दिल्याने, घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. आणि रोज पाच-दहा मिनिटे मांजरीशी खेळल्याने २५ टक्क्यांनी. पोट भरलेल्या मांजराला उंदीर पाहुणा वाटतो, हे आजीचे म्हणणे थोडेफार असेच होते. फक्त तिला पाहुणा नको होता आणि आम्हाला हवा आहे. आमचे घर माळकरी, त्यामुळे ठमीचे मांस पाकिटातून येते आणि तिची ताटली बाहेरच्या नळावर धुतली जाते. दोरीला पीस बांधून मी रोज संध्याकाळी दहा मिनिटे घरभर पळतो. शेजारचे निवृत्त मास्तर हे दृश्य एकदा पाहून गेले आहेत आणि तेव्हापासून माझ्याशी जरा हळुवारपणे बोलतात.

जर्मनीत वाल्डोर्फ नावाच्या गावी २०२२ साली तर सरकारी हुकूमच निघाला. गावाच्या दक्षिण भागातल्या मांजरी ऑगस्टअखेरपर्यंत घरातच ठेवायच्या, बाहेर न्यायच्या तर पट्टा बांधून. मोडल्यास ५०० युरो दंड, आणि मांजरीने तिथला तुऱ्याचा चंडोल मारला तर ५०,००० युरोंपर्यंत. जमिनीवर घरटे करणारा तो पक्षी त्या भागात मोजकाच उरला होता. इतरांना त्या बातमीचे हसू आले असेल, मला आले नाही, कारण त्याचाच भाऊबंद असलेला चंडोल आमच्या माळावर होता. ज्वारी निघाल्यावर ढेकळांतून तो उठे, गात गात सरळ वर चढे आणि दिसेनासा झाला तरी ऐकू येत राही. त्याचे घरटे मातीच्या खळग्यात असे आणि मनी माळापर्यंत जात नसेल असे छातीठोकपणे मी आज म्हणू शकत नाही. आजीने मनीला बाहेर जाऊ दिले हे तेव्हा कोणालाच चुकीचे वाटले नाही. चंडोलाला कोणी विचारले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मांजरांना आधी कळते असे नंतर जो तो सांगत असे. आमच्या मनीला काही कळले नव्हते. ती माझ्या गोधडीवर पायथ्याशी झोपली होती आणि माझ्याबरोबरच जागी झाली. लादणीच्या फटींतून पांढरी माती सळसळत खाली येत होती, वडिलांनी मला बखोटीला धरून ओढले आणि मागे वळून पाहिले तेव्हा मनी खाली येणाऱ्या त्या मातीतूनच वर, साण्याकडे, चढत होती. आमचे गाव किल्लारीपासून लांब, त्यामुळे वाचले. एक कोपरा ढासळला, तेवढेच. तिकडे जवळपास दहा हजार माणसे गेली आणि त्यांतली कितीतरी अशाच छताखाली झोपलेली होती, ज्या छताला गळू नये म्हणून त्यांनी दरवर्षी माती वाढवली होती.

मनी तिसऱ्या दिवशी परतली. आम्ही तोवर अंगणात बाजा टाकून, वर पत्रे बांधून राहू लागलो होतो आणि पुढचे चार महिने कोणी आत झोपले नाही. मनी मात्र सरळ घरात गेली. बळद भरलेले होते, उंदरांना मोकळे रान होते आणि माणसांची अडचण नव्हती, म्हणून ती दिवसरात्र आतच राहू लागली. जमीन जरा हलली की आजी उंबऱ्याशी जाई. आत पाऊल टाकत नसे. भाकरीचा तुकडा हातात घेऊन, दाराच्या चौकटीला धरून, अंधारात वाकून ती हाका मारत राही: "मने, बाहेर ये गं माय. आत नको थांबू." जिने जन्मात कधी मांजरीला हाक मारून बोलावले नव्हते, ती तासभर उभी राही. मनी येत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही माळवद उतरवले आणि पत्रे घातले. गल्लीत सगळ्यांनीच उतरवले. पत्र्याला साणे नसते, आणि वैशाखात त्यावरून मांजरीला चालताही येत नाही.

शिंजीर उडून गेल्यावर ठमी खिडकीतून उतरली, बंद दारापाशी जाऊन बसली आणि तिने माझ्याकडे पाहिले नाही. मुलीने यावर तोड काढली आहे; मागच्या गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी लावायची, म्हणजे ठमी बाहेरही राहील आणि आतही. काल वेल्डिंगवाला माप घ्यायला आला होता. आत काय ठेवणार, पोपट की कोंबड्या, असे त्याने विचारले. मांजर म्हटल्यावर त्याने टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि काही न बोलता उंची मोजली. जाताना मात्र म्हणाला, "साहेब, दाराला कडी आतून बसवू का बाहेरून?"

उद्या सांगतो, म्हणालो.