चौथ्या क्वार्टरलाही भरलेलं स्टेडियम

मंगळवार, 28 जानेवारी 2025
ब्लूमिंग्टन, इंडियाना

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना होऊन आठवडा उलटला. अटलांटात ओहायो स्टेटने नोटर डेमला 34–23 असं हरवलं. आमच्या इंडियाना विद्यापीठाचा संघ त्यात नव्हता, तरी मी तो सामना शेवटपर्यंत पाहिला. अख्ख्या हंगामात आमची पोरं दोनदाच हरली आणि हरली ती नेमकी याच दोघांकडून. डिसेंबरात टीव्हीवर बरीच जाणकार मंडळी सांगत होती की इंडियानाला प्लेऑफमध्ये (विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत) घ्यायलाच नको होतं. तो राग अजून मनातून गेलेला नाही. म्हणून आज हे सगळं लिहून ठेवते.

हे गाव मुळात बास्केटबॉलचं. असेंब्ली हॉल या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये पाच विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत, आणि 1976 चा एकही सामना न हरलेला संघ इथल्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. फुटबॉल (म्हणजे अमेरिकन, चार क्वार्टरचा खेळ; चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला) हे शनिवारी मित्रमंडळींना भेटायचं निमित्त असायचं. स्टेडियमबाहेरच्या मैदानात सकाळपासून गाड्या लागायच्या, डिक्या उघडायच्या, शेगड्या पेटायच्या. कित्येक जण आत जायचेच नाहीत. जे जायचे, त्यांतले बरेचसे मध्यंतराला बाहेर पडले की पुन्हा फिरकायचे नाहीत. त्यांना बोल तरी काय लावणार? बिग टेन या आमच्या लीगचं तोवरचं शेवटचं विजेतेपद 1967 चं, तेही वाटून घेतलेलं. ‘बोल’ सामना (हंगामाअखेरीस निवडक संघांना मिळणारा खास सामना) तोवर शेवटचा जिंकला 1991 मध्ये. 2023 मध्ये बारापैकी नऊ सामने हरलो. देशातल्या वरच्या फळीतल्या कॉलेज संघांत सर्वाधिक पराभव तेव्हा आमच्याच नावावर होते.

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉलची (पायाने खेळायच्या) मॅच असली की शाहू स्टेडियममधून शेवटची शिट्टी होईपर्यंत माणूस हलत नाही, हे बघत वाढलेली. इथली मध्यंतरानंतरची रिकामी बाकं मला फार लागायची. मैदानात एकोणीस-वीस वर्षांची पोरं अंग मोडून खेळताहेत आणि त्यांना बघायला त्यांच्याच गावातलं कुणी थांबत नाही.

कर्ट सिग्नेटी नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस आले. अलाबामात नामवंत कोच निक सेबन यांच्या हाताखालची मोठी नोकरी सोडून 2011 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा संघ त्यांनी हाती घेतला होता. तिथे आधी त्यांचे वडीलही कोच होते. मुख्य कोच व्हायचंच, मग पगार कमी असला तरी चालेल, एवढा एकच हिशेब. इथे आल्यावर पत्रकारांना म्हणाले, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा. त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले तेरा खेळाडू त्यांच्यामागे इथे आले. बाहेरची पोरं आणून जिंकले, असं कुणी नाक मुरडलं की मला पटत नाही. या पोरांमागे मोठी कॉलेजं धावत नव्हती. क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) कर्टिस रुर्क तर कॅनडातल्या ऑन्टारिओचा, ओहायो युनिव्हर्सिटी या लहान संघातून आलेला. हेरायला नजर लागते, ती सिग्नेटींकडे आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर कसे गेले कळलंच नाही. वेस्टर्न इलिनॉयला 77–3. कॅलिफोर्नियात, रोझ बोल मैदानावर यूसीएलएला 42–13. नेब्रास्काला 56–7. त्या दिवशी रुर्कच्या अंगठ्याला इजा झाली, तर पुढच्या शनिवारी राखीव क्वार्टरबॅक टेव्हन जॅक्सनने वॉशिंग्टनला हरवून दिलं.

पण माझ्या मनात कायम राहील तो 9 नोव्हेंबर. समोर मिशिगन, आदल्याच वर्षीचा राष्ट्रीय विजेता. मध्यंतराला आपण 17–3 ने पुढे. नंतर सगळं आटलं. दुसऱ्या अर्ध्यात आपल्याला उणेपुरे 18 यार्ड मिळाले. मिशिगन एकेक करत 17–15 पर्यंत आलं, बरोबरीचा दोन गुणांचा प्रयत्न आपल्या बचावाने हाणून पाडला, मग आपल्या एका फील्ड गोलने (तीन गुणांच्या किकने) 20–15. आमच्या रांगेत एक आजोबा असतात. 1967 चा संघ त्यांनी विद्यार्थी असताना पाहिलाय. सामना बघताना एका कानात रेडिओचं समालोचन सुरू असतं, कारण पंचांचे इशारे त्यांना लांबून नीट दिसत नाहीत. मिशिगनच्या शेवटच्या चढाईला त्यांनी कानातली वायर काढली, गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरून उभे राहिले. सगळं स्टेडियम उभं. समोरचा क्वार्टरबॅक काय सांगतोय ते त्याच्याच माणसांना ऐकू जाऊ नये, इतका आवाज. मिशिगनची चढाई अर्ध्यात संपली. विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच एका हंगामात दहा विजय. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, “आज कुणी घरी गेलं नाही.” मी मागे पाहिलं. खरंच, वरपर्यंत एक जागा रिकामी नव्हती.

ओहायो स्टेटकडे 38–15 ने हरलो. पहिला टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेणं) आपला होता, पण किकच्या वेळच्या चुका महागात पडल्या. परड्यूला 66–0 ने धुतलं, तेव्हा घसा गेला तो चार दिवस आला नाही.

मग 20 डिसेंबर, बारा संघांच्या नव्या प्लेऑफचा पहिलावहिला सामना, साउथ बेंडला, नोटर डेमच्या मैदानावर. सुरुवातीलाच आपल्याला चेंडू मिळाला आणि लगेच रुर्कचा पास नोटर डेमने त्यांच्या गोलरेषेशी पकडला. त्यानंतर त्यांचा जेरेमाया लव्ह 98 यार्ड पळत जाऊन टचडाऊन करून आला. एका मिनिटात सात गुण मिळायचे ते सात गुण गेले, आणि पुढे तोल सापडला नाही. तरी 27–3 वरून शेवटच्या दीड मिनिटात पोरांनी दोन टचडाऊन केले. सामना हातातून गेलेला असताना. मला त्या दोन टचडाऊनचा अभिमान जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीचे बाकीचे तीन सामने झाले. एसएमयू 28 गुणांनी हरलं, टेनेसी 25 नी, क्लेम्सन 14 नी. आपण 10 नी. “यांची लायकी नव्हती” हे मात्र फक्त इंडियानालाच ऐकावं लागलं. जुनं नाव असलं की हरलेलंही खपून जातं. आमच्यामागे तसं नाव नाही, म्हणून अकरा विजयही लोकांच्या डोळ्यांत भरत नाहीत.

याच महिन्यात बातमी आली की रुर्क सगळा हंगाम गुडघ्याचा लिगामेंट फाटलेल्या अवस्थेत खेळला. वाचून मी सगळे सामने मनात पुन्हा चाळले. दर शनिवारी तो कसा पाय टेकवत होता, पळण्याऐवजी जागेवर उभा राहून पास का देत होता. आता तो गेला, कॉलेजची वर्षं संपली त्याची.

सिग्नेटी राहताहेत, करार नोव्हेंबरातच वाढवला. पुढचा हंगाम 30 ऑगस्टला इथेच, ओल्ड डोमिनियनविरुद्ध. आजोबांना फोन करून सांगितलं, तीच रांग, तीच बाकं घेऊ या. त्यांनी पैसे आधीच भरले होते.