आचारी, आचार्य आणि तपासनीस

मुलुंड (पूर्व), रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा हिशेब काल रात्री व्हॉट्सॲपच्या गटावर आला आणि आज सकाळी दहा वाजेपर्यंत त्यावरून जे महाभारत घडले, ते एका अक्षराच्या पायी घडले. सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे आकड्यांत चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु टंकलेखनाचा कंटाळा असल्यामुळे त्यांनी सगळा हिशेब फोनला तोंडी सांगितला आणि मग नातवाने शिकवल्याप्रमाणे तो एका एआय सहायकाकडून ‘शुद्ध व औपचारिक मराठीत’ करून घेतला. त्यात एक ओळ अशी उमटली : ‘महाप्रसादानिमित्त आचार्यांचे मानधन, रुपये ९,०००’. त्याखाली तिसऱ्या ओळीत ‘पूजा सांगणाऱ्या गुरुजींची दक्षिणा, रुपये २,१००’ असे होते. बी विंगमधील एका सभासदांनी विचारले की, आचार्यांना नऊ हजार दिल्यावर पुन्हा वेगळी दक्षिणा कशासाठी दिली. दुसऱ्यांनी विचारले की, हे आचार्य कोण आणि त्यांना कोणी बोलावले. पूजा सांगणारे गुरुजी आमच्याच सी विंगमध्ये राहतात. त्यांनी फक्त एवढेच लिहिले : ‘मला एकवीसशेच मिळाले आहेत.’ त्यानंतर जे संदेश आले ते मी मोजले नाहीत.

नऊ हजार रुपये अर्थातच स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना दिलेले होते.

आचारी या शब्दाचे सामान्यरूप ‘आचाऱ्या’ आणि आचार्य या शब्दाचे ‘आचार्या’, हा फरक शाळेत आम्हाला बाईंनी दर्या आणि दऱ्या यांच्या जोडीला शिकवला होता. उच्चारात आधीच्या अक्षरावर आघात येतो की नाही एवढाच भेद आहे. लिहिताना मात्र एकीकडे डोक्यावर रफार येतो आणि दुसरीकडे य च्या आधी ती आडवी, पापणीसारखी रेघ येते. हिंदीला या रेघेची गरज पडत नाही आणि इंग्रजीला तिचा पत्ताच नाही, म्हणून संगणकावर ती नीट उमटावी यासाठी मराठी माणसांना बरीच वर्षे खटपट करावी लागली. आता फोनच्या कळफलकावर ती मिळते, फाँटमध्येही असते. म्हणजे यंत्राला ती काढता येत नव्हती असे नाही. त्याला स्वयंपाकघरात आचारीच असतो हे उमगले नाही आणि सगळा मजकूर इतक्या सुबक, आत्मविश्वासपूर्ण भाषेत आला की काकांनाही तो पुन्हा वाचावासा वाटला नाही. हाताने लिहिला असता तर त्यांनी तो तीनदा वाचला असता, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगू शकते.

हे पुन्हा वाचणे हाच माझा सत्तावीस वर्षांचा व्यवसाय आहे. १९९८ मध्ये अंधेरीच्या सीप्झमधील एका कंपनीत मी लागले तेव्हा आमच्या पिढीतील असंख्य मुलामुलींप्रमाणे मलाही वाय-टू-के चे काम मिळाले. परदेशातील एका विमा कंपनीचे, कोबोल या संगणकभाषेत लिहिलेले कार्यक्रम (प्रोग्रॅम) वर्षासाठी दोनच अंक राखत असत आणि २००० साल उजाडताच ते १९०० समजून बसतील, ही भीती होती. बदल करणारे दहा जण होते आणि तपासणारे बावीस. आम्ही संगणकाची तारीख पुढे ढकलून एकेक पॉलिसी चालवून पाहत असू. केवळ १ जानेवारीच नव्हे, तर २९ फेब्रुवारी २००० सुद्धा तपासावी लागे, कारण शतकाची वर्षे सहसा लीप नसतात, पण ज्याला चारशेने पूर्ण भाग जातो ते वर्ष असते, हे काही कार्यक्रमांना माहीत होते आणि काहींना नव्हते. ३१ डिसेंबरची रात्र आम्ही कार्यालयात बटाटेवडे खात जागून काढली. काहीही घडले नाही. नंतर कित्येकांनी सांगितले की, उगाच बाऊ केला होता. तपासनिसाच्या कामाला मिळणारी दाद बहुधा अशीच असते.

त्या काळी इतकी माणसे तपासणीला बसवणे परवडत होते, कारण एकदा माल बाहेर पडला की तो परत बोलावणे फार महाग होते. सॉफ्टवेअर सीडीवर जात असे आणि छापलेली सीडी दुरुस्त करता येत नाही. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, मी महाविद्यालयात असताना इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची एक चूक सापडली होती. काही मोजक्याच संख्यांचा भागाकार करताना उत्तर दशांश चिन्हानंतर कुठेतरी घसरत असे. सामान्य माणसाला ती चूक जन्मात दिसली नसती, तरी सिलिकॉनमध्ये कोरलेली असल्यामुळे चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि कंपनीने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसला. पुढे इंटरनेट घरोघर आले, दुरुस्ती रातोरात पाठवणे शक्य झाले आणि दुरुस्ती स्वस्त होताच चूकही स्वस्त झाली. अर्थात, स्वस्त झाली ती करणाऱ्याला. भोगणाऱ्याच्या वाट्याचा खर्च कोणी मोजत नाही.

आमच्या घरी मार्चमध्ये आलेल्या वायफायवाल्या वॉशिंग मशीनने जुलैत एका रात्री स्वतःहून अपडेट घेतले आणि सकाळी तिचे दार उघडेना, आत ओले कपडे. कंपनीच्या माणसाने येऊन ती दहा मिनिटे बंद ठेवली, पुन्हा चालू केली आणि पुढच्या अपडेटपर्यंत असेच करत जा, असे सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “रात्री न विचारता घरात येऊन जो वस्तू हलवून जातो, त्याला आमच्या वेळी वेगळे नाव होते.”

या आठवड्यात घरात चर्चा आहे ती ॲपलच्या ९ तारखेला जाहीर झालेल्या ५.६ मिलिमीटर जाडीच्या फोनची. माझा भाचा त्यासाठी बीकेसीतील (वांद्रे-कुर्ला संकुलातील) ॲपलच्या दुकानाबाहेर रांग लावण्याच्या गोष्टी बोलतो आहे. मला त्या पातळपणाचे एकाच कारणासाठी कौतुक वाटते की, गिऱ्हाईकाला दुकानातच फूटपट्टी लावून तपासता येईल असा तेवढा एकच दावा नव्या वस्तूंमध्ये उरला आहे. बाकी सारे, म्हणजे बॅटरी दोन वर्षांनी कशी असेल, आतला सहायक खरोखर मदत करील की आचाऱ्याचा आचार्य करील, हे पैसे दिल्यानंतरच कळते. ह्युमेन नावाच्या कंपनीने गेल्या वर्षी छातीवर लावायचा, एआयवर चालणारा एक बिल्ला ६९९ डॉलरला विकायला आणला. या वर्षी फेब्रुवारीअखेर त्यामागची सेवा बंद झाली आणि ज्यांनी तो घेतला होता त्यांच्याकडे जवळजवळ निरुपयोगी बिल्ला राहिला. ‘नंतर सुधारू’ या वचनावर माल विकला की ते नंतर कधी संपवायचे हे विकणाराच ठरवतो. बरोबर एक महिन्याने, १४ ऑक्टोबरला, २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबणार आहे आणि पुष्कळ जुने, धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. दहा वर्षे हा काळ लहान नाही हे मान्य करूनही मला हे नमूद करावेसे वाटते.

तपासणीचे काय होऊ शकते, हे मी गेल्या वर्षी १९ जुलैला पाहिले आणि ती तारीख मला आईच्या वाढदिवसासारखी पाठ आहे. शुक्रवार होता. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी फाइल पाठवली. त्या फाइलला एकवीस नोंदी लागत होत्या, संगणकावरील कार्यक्रम मात्र वीसच पुरवत होता आणि एकविसावी शोधताना यंत्रे कोसळली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती फाइल मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे बिघाड दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर अडकली होती. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हते म्हणून आम्ही सुटलो, पण ऐरोलीच्या आमच्या कार्यालयातील सगळा मजला दिवसभर तेच वाचत होता. इतरांना आश्चर्य वाटले ते यंत्रांच्या संख्येचे. मी अडखळले ती कंपनीच्या नंतरच्या अहवालातील एका गोष्टीपाशी : ती फाइल तपासणीतून गेली होती. फाइल तपासणारा कार्यक्रमच सदोष होता, त्याने तिला उत्तीर्ण केले आणि ती थोड्या यंत्रांवर चालवून न पाहता एकदम सगळीकडे पाठवली गेली. शिवाय रातोरात दुरुस्ती पाठवण्याची सोय इथे कामाची नव्हती, कारण यंत्र सुरूच होत नव्हते. असंख्य ठिकाणी माणसाला एकेका संगणकापाशी जाऊन, तो सेफ मोडमध्ये, म्हणजे किमान सोयींनिशी, उघडून ती फाइल हाताने काढून टाकावी लागली.

हे आठवायचे कारण गेल्या पंधरवड्यात कार्यालयात घडलेला प्रसंग. आमच्या चमूत तीन वर्षांच्या अनुभवाची एक हुशार मुलगी आहे. तिने कर्जावरील व्याजाचा एक भाग एआयच्या मदतीने एका दुपारी लिहून काढला. एरवी त्याला आठवडा लागला असता. त्याच साधनाकडून तिने चाचण्याही लिहून घेतल्या. दोनशे सत्तर चाचण्या आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण. क्लायंट खूश, व्यवस्थापक खूश. मी बसून वाचले तेव्हा दिसले की, व्याजाच्या सूत्रात वर्षाचे दिवस सरसकट ३६५ धरले होते, क्लायंटच्या नियमाप्रमाणे मात्र लीप वर्षी ते ३६६ धरायचे होते. चाचणीत अपेक्षित उत्तरही ३६५ नेच काढलेले होते, म्हणून ते जुळत होते. प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि गुणदान ही तिन्ही एकाच हाताने झाली होती. ती म्हणाली, “मॅम, तुम्हाला हे दिसले कसे?” मी तिला २९ फेब्रुवारी २००० ची गोष्ट सांगितली. तिचा जन्म त्या वर्षीच्या पावसाळ्यातला आहे.

मी एआयच्या विरोधात नाही. कंटाळवाणे, साचेबंद काम तो माझ्याहून चांगले करतो आणि मी तो रोज वापरते. आक्षेप आहे तो लिहिण्याचा वेग पाहून तपासण्याचा वेळ कापण्याला. फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द वापरला, म्हणजे यंत्राला काय हवे ते सांगायचे आणि कोड आहे हेच विसरून जायचे. त्यांनी तो आठवडाअखेरच्या हौशी प्रयोगांपुरता म्हटला होता. आमच्या बैठकांमध्ये तो सोमवारीही ऐकू येतो. जुलैत अमेरिकेतील मेटर या संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रामरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. या वर्षाच्या आरंभीची साधने वापरताना त्यांना काम पूर्ण करायला १९ टक्के जास्त वेळ लागला आणि काम संपल्यावरही आपण सुमारे २० टक्के अधिक वेगाने काम केले असेच त्यांना वाटत होते. सोळा माणसांवरून साऱ्या जगाचा निवाडा करता येत नाही, हे तपासनीस या नात्याने मलाच आधी सांगायला हवे. तरीही वाटणे आणि असणे यांतील ते अंतर मी माझ्या मजल्यावर रोज पाहते. त्याच महिन्यात टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत कोणी मोठ्याने बोलत नाही.

संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजी घ्यायला गेले. मावशींच्या पाटीशेजारी साउंडबॉक्स असतो. मी क्यूआर स्कॅन केला आणि तो बोलला, “साठ रुपये प्राप्त झाले.” मावशींनी मान वर न करता पालेभाजीची जुडी माझ्या पिशवीत टाकली. गेल्या दहा वर्षांतील मला सर्वांत आवडलेली वस्तू हीच आहे आणि ती मूळ तपासणीचीच वस्तू आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले, गेल्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात त्याचे व्यवहार २,००० कोटींच्या वर गेले, पण भाजीवालीच्या बाजूने पाहिले तर पैसे आले की नाही हे गिऱ्हाईकाच्या फोनवर वाकून पाहणे हाच त्यातला कच्चा दुवा होता. हात ओले, समोर चार गिऱ्हाईके आणि खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे लोक. त्या डबीत स्वतःचे सिम असते आणि पैसे आल्याची बातमी तिला पैसे देणाऱ्याच्या फोनवरून न मिळता थेट सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळते. ज्याने काम केले त्यालाच ‘झाले का’ असे विचारायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम मावशींच्या पाटीवर पाळला जातो आणि आमच्या मजल्यावर त्याला फाटा मिळू लागला आहे. एकदा मी मावशींना म्हटले की, डबी चुकली तर? त्या म्हणाल्या, “रात्री लेक बँकेचा मेसेज बघतो ना.”

रात्री साडेदहाला सेक्रेटरी काकांचा संदेश आला. सकाळच्या प्रकारानंतर गुरुजींची क्षमा मागून झाली होती आणि यापुढे गटावर टाकण्याआधी मजकूर मला दाखवायचा, असे त्यांनी ठरवले होते. ‘चूक सुधारून घेतली आहे, एकदा नजर टाक’, असे लिहून त्यांनी नवा हिशेब पाठवला. आचार्यांच्या जागी ‘आचाऱ्यांचे मानधन’ असे व्यवस्थित आले होते. त्यांनी सहायकाला ती रेघ सगळीकडे घालायला सांगितले असावे, कारण वर ठळक अक्षरांत ‘काऱ्यकारिणीचा अहवाल’ होता, कार्यक्रमपत्रिकेत ‘सूऱ्यनमस्कार स्पर्धा’ होती आणि शेवटी सर्वांच्या ‘सहकाऱ्याबद्दल’ आभार मानले होते. मी तिन्ही चुका क्रमांक घालून लिहिल्या आणि मजकूर परत पाठवला.